समोर दिसणारं निळं घर

बापूंना मी डोंगरात फिरायला घेऊन निघालो, तेव्हा त्यांची मुलगी सुमंगला परभणी स्टेशनावर आम्हाला सोडायला आली होती. गाडी हलेपर्यंत तिनं मला एकच गोष्ट बजावली. "गुरुजी, त्यांच्या काळजात स्प्रिंग बसवलीय. एकट्याला कुठंच सोडू नका."

बापू म्हणजे चंद्रभान. मानवतजवळच्या आमच्या गावचे शेतकरी, बायको गेल्यापासून स्वतःच्या हातानं भाकरी थापून खाणारे. गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही त्यांनी जन्मात चढलेलं नव्हतं. नातवाची कॉलेजची सॅक पाठीला लावून म्हणाले, "जन्मभर पाठीवर पोतं वाह्यलं, गुरुजी. ह्येला निदान पट्टे तरी हायत." सॅकमध्ये कपडे थोडे आणि ज्वारीचं पीठ जास्त.

उत्तराखंडातल्या एका लहानशा डोंगरी गावात आम्ही हंसादीदी नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. पहिल्याच संध्याकाळी बापू त्यांच्या चुलीपुढं बसले. भाकरी थापटण्याचा आवाज ऐकून ओसरीवर सॅका टाकून पडलेली बंगळूरची तरुण मंडळी भोवती जमली. "बैठो, बैठो. शरमाते कायको?" बापू आपल्या दखनी हिंदीत म्हणाले, आणि तव्यावरून उतरेल तशी भाकरी मोडून वाटत राहिले. त्यांना स्वतःला चतकोर उरली.

दुसऱ्या दिवशी बाजारात जोगासिंह नावाचे म्हातारे गृहस्थ राजमा विकत होते. बापूंनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि मान डोलावली. मग रानडुकरं पिकाची कशी नासाडी करतात यावर दोघांचं असं जमलं, की गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी जोगासिंहांचं लक्ष नव्हतं. उठताना जोगासिंहांनी दरीपलीकडच्या उतारावरचं आपलं निळ्या पत्र्याचं घर दाखवलं. "कल आना." बापूंनी शब्द दिला.

सकाळी माझा गुडघा सुजला. बापू मात्र पिठाची पिशवी घेऊन दारात उभे. पाहुणा म्हणून रिकाम्या हातानं जायचं त्यांना जमणारं नव्हतं.

"उद्या दोघं जाऊ की," मी म्हणालो.

"ते काय, समोरच तर दिसायलंय, गुरुजी. आपल्या वावरातून मानवत दिसतं, तेवढंबी लांब न्हाई. जेवायला माघारी येतो."

मलाही ते पटलं. सपाट काळ्या रानात वाढलेली माणसं आम्ही. आमच्याकडं डोळ्याला दिसलं, म्हणजे पायाच्या टप्प्यात आलं.

जेवणवेळ टळली. हंसादीदी गवताचा भारा घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं, तर भारा तिथंच खाली पडला. "अकेले? पहले नीचे नदी तक उतरना, पुल पार करना, फिर पूरा चढ़ना. हमें ही आधा दिन लगता है!"

मी खोलीत गेलो. बापूंचा फोन खाटेवर होता, शेजारी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी. त्या डबीकडं माझ्यानं बघवेना. बंगळूरच्या मंडळींतले दोघे ती डबी आणि टॉर्च घेऊन पायवाटेनं उतरले. ऊन कड्यामागं गेलं आणि दरी एकदम काळी पडली. निळं घर तेवढं अजून दिसत होतं, अगदी हात लांबवला तर लागेल असं.

माझा फोन वाजला. सुमंगला. मी उचलला नाही.

अंगणाच्या टोकाला जाऊन, रानात बांधावरून मारतात तशी हाळी मारली. "बापूऽऽ! ओऽऽ!" माझाच आवाज परत आला. पुन्हा मारली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी समोरून आलं, "ओऽऽ गुरुजीऽऽ!" शेजारच्या वावरातून यावं इतकं स्वच्छ.

फोन पुन्हा वाजला. "गुरुजी, फोन का उचलंनात? बापू कुठायत?"

"हे काय, समोरच हायत. आत्ताच आवाज दिला."

"बरं. गोळी घ्यायला सांगा."

मी हंसादीदींना म्हणालो, "आ गए. चाय रखिए."

त्या हलल्या नाहीत. "आवाज़ तो आ गई, मास्टरजी. पैर अभी नहीं आए."

मी हाळी देत राहिलो. दर वेळी उत्तर येई, पण प्रत्येक वेळी मधे धाप जास्त. मग एकदा उत्तर आलंच नाही. "नीचे नदी का शोर है," हंसादीदी म्हणाल्या. पण त्यांनी माझ्या बाजूला येऊन दोन्ही हातांनी कुंपण धरलं होतं.

बऱ्याच वेळानं खाली टॉर्च दिसली. पुढं बंगळूरचे दोघे, मधे बापू, मागं त्यांची पिशवी घेतलेले जोगासिंह. बापू पायरीवर बसले. घामेजलेले, चेहरा उतरलेला. मी मनगट धरलं, तर म्हणाले, "हाय, चालू हाय. गोळी ह्या पोरांनी मघाच दिली." दम घेऊन पुढं म्हणाले, "ह्या मुलखात नदरेचा काई भरवसा न्हाई, गुरुजी. घर दिसतच ऱ्हातं अन् येतच न्हाई. ह्यो बाबा मला एकट्याला सोडंना. आता ह्याला कसं परत धाडावं?"

"धाडायचं नाही. इथंच निजतील."

"सुमीला काय सांगितलं?"

"समोरच हायत म्हणून."

बापूंनी दरीकडं पाहिलं. "खोटं न्हाई त्ये."

जोगासिंहांना त्यातलं काहीच कळलं नाही, पण ते हसले. तेव्हा कुठं हंसादीदींनी चहा ठेवला.