हवेतला ब्रेक

कोथरूडच्या मैदानावर एक बाई स्कूटर शिकवतात. साडी खोचून, पायात बूट घालून त्या शिकणारीच्या मागे पळतात आणि फक्त "समोर बघा" म्हणतात. बावन्नाव्या वर्षी माझी बायको त्यांच्याकडे जाऊ लागली. मी कडेला उभा राहून हवेतच ब्रेक दाबायचो.

चौथ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "अहो काका, यांचा तोल उत्तम आहे. सुटलाय तो तुमचा."

खरं होतं. वीस वर्षं मी बायकोला "तुला जमणार नाही" म्हणत आलो. जमेल, हीच भीती होती. मग कुठे जायचं झालं तर माझी वाट कोण बघणार? त्या दिवशी तिला हे सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "बसा मागे, मंडईत जायचंय."