दाजींची दिवसपाळी आणि रातपाळी

पाण्यात उतरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पाण्याच्या तळाशी दिवसपाळी आणि रातपाळी लावून घेतलेला माणूस अख्ख्या भूतलावर एकच असणार, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव पणदरे, ऊस आणि म्हशी. पन्नाशी उलटेपर्यंत माणूस अगदी धड होता. मग मित्रांबरोबर मालवणला सहलीला गेले, तिथं कुणीतरी त्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्रात बुडवून काढलं, आणि परत आले ते दाजी वेगळेच होते. मी इंदापूरच्या शाळेत भूगोल शिकवते. परत आल्यावरच्या पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "मेहुणीबाई, पृथ्वीवर तीन हिस्सं पाणी हाय म्हून पोरास्नी सांगता, पर त्यातल्या एका तरी हिश्शात गेलाय का तुमी?" मी म्हटलं, "दाजी, मी चंद्रावरही गेलेले नाही, तरी शिकवतेच की." पण तो माणूस हसण्याच्या पलीकडे गेला होता.

पुण्याला खेटे घालून ते सगळं रीतसर शिकून आले आणि येताना टाकी, नळी, सूट असा कुणाचा तरी जुना सरंजामही घेऊन आले. समुद्र पणदऱ्यापासून फार लांब आणि विहीर दारात, तेव्हा प्रश्नच मिटला. काळा रबरी सूट घालून पहिल्यांदा अंगणात आले तेव्हा म्हैस बुजेल म्हणून अक्काने दावं घट्ट धरलं. म्हैस कसली बुजते! तिने पुढे होऊन दाजींना मायेने मानेपासून कमरेपर्यंत चाटलं. टाकी भरून आणायला पुन्हा पुणंच गाठावं लागे. एकदा त्यांनी सहज म्हणून गावातल्या पंक्चरवाल्याला विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "भरतो की, पर पुढच्या चाकाएवढी का मागच्या?"

आता पाळ्यांचं सांगते. आमच्याकडे शेतीच्या मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. मोटार पाणी उपसत असताना विहिरीत उतरायचं नाही, एवढी अक्कल दाजींची शाबूत होती. त्यामुळे लाईट दिवसाची असली की दाजी रात्री बुडायचे, आणि लाईट रात्रीची असली की दिवसा. एका उन्हाळ्यात रातभर उपसा होऊन सकाळी विहिरीत कमरेएवढंच पाणी उरलेलं. पण पाळी म्हणजे पाळी! दाजी तेवढ्या पाण्यात, तोंडात नळी धरून, गुडघ्यावर बसून राहिले. वर आल्यावर म्हणाले, "आज लय सोच्छ दिसलं."

या पाळ्यांमुळे रात्रीचं पाणी आणि दिवसाचं पाणी यांची तुलना करायचा अधिकार आपल्यालाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणाच्या बारशाला गेले तरी तेच. पाळण्याशी उभं राहून सांगायचे, "दिवसा खाली गेलं की समदं दिसतंय, आन् म्हून कायबी बघू वाटत न्हाय. रातच्याला ब्याटरी मारीन तेवढंच. पर तेवढं आपलं!" विहिरीतलं कासव दिवसा कपारीत दडून बसतं आणि रात्री तळावरून फेरी मारतं, म्हणून त्याची आणि दाजींची ओळख रात्रीचीच. अक्काची पडलेली बादली शोधायला दिवसा गेले, तर "काळा धोंडा हाय निस्ता" म्हणून हात हलवत परत आले. पुढच्या आठवड्यात रात्री त्याच धोंड्यावर ब्याटरी मारली, तर लालभडक बादली! दिवसाचं ऊन खोल पाण्यात लाल रंग दाखवत नाही, हे त्यांनी मला पुढे इतक्या वेळा समजावलं की माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ते पाठ झालं.

या सगळ्यात अक्का कुठे होती? अक्का काठावर होती, दाजींच्या कमरेच्या दोरीचं टोक मुठीत धरून. माहेरी तिचाच घोर लागलेला. आईचा फोन आला, "जावईबापूंना मी कशी बोलू? तू बोल, मेहुणीचं ऐकतील. निदान रात्रीचं तरी सोडायला लाव. पोरगी काठावर अर्धी झाली." मी रविवारी पणदऱ्याला गेले, जेवणं झाली आणि विषय काढला. "दाजी, दिवसाचं एक वेळ चालेल, पण रात्रीचं बंद करा. अक्काचा विचार करा."

मला वाटलं, भांडतील. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "तुमी म्हणताय तर बंद. हिच्या जिवाला घोर नको." चेहरा इतका पडला की माझंच मन मला खाऊ लागलं.

अक्का लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "रातचं कशाला बंद? बंद करायचं तर दिवसाचं करा."

"अगं, रात्री अंधारात..."

"अंधार वर असतोय. दिवसा हे खाली गेलं की पाण्यात निस्तं आभाळ दिसतंय, आन् माझंच तोंड. बुडबुडं येत्यात, पर बुडबुड्यावर कुणी भरवसा ठेवावा? रातच्याला हीर खालनं उजळती. कुठं हायेत, कुठं वळलं, समदं कळतंय. मधनंच ब्याटरी गोल फिरवत्यात. समदं ठीक हाय, अशी खूण हाय ती. तवा कुठं मी श्वास घेते."

दाजींनी मांडीवरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. दिवस बरा की रात्र बरी, हे त्यांनी साऱ्या तालुक्याला ऐकवलं होतं, पण काठावर बसणारीला कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून दिवसपाळी बंद झाली. आईला मी फोनवर इतकंच सांगितलं की अर्धं काम झालं.

पुढे दोनेक वर्षांनी दाजींचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी कानाच्या पडद्याला इजा झाल्याचं निदान केलं आणि पाण्याखाली जाणं कायमचं बंद झालं. सूट गोठ्यात खुंटीला टांगलाय. म्हैस अजून येता-जाता त्याला चाटते. दाजी तुलनेचं बोलत नाहीत, आणि खरं सांगते, मला ते फार सुनं वाटतं.

परवा मी तिथे मुक्कामाला होते. लाईट रात्रीची होती, म्हणून दाजी ब्याटरी घेऊन उसाला पाणी द्यायला गेले. अक्का पायरीवर बसून होती. मी म्हटलं, "चल ना आत, गारठलीस." ती म्हणाली, "थांब जरा." तिची मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. रानात सगळा काळोख. मग लांब, उसाच्या शेंड्यांच्या वर एक उजेड आला आणि सावकाश गोल फिरला.

अक्काने मूठ सोडली. "चल," ती म्हणाली, "झोपू आता."