मागं राहणाऱ्याचा फोटो

मी निघाले त्या सकाळी पारनेरच्या स्टँडवर आबांच्या मागंच लागले होते, "आबा, एक तरी फोटो काढा की माझा!" स्टँडसमोरच आमचा स्टुडिओ. पण वडील ढिम्म. "जानाऱ्याचा काढत न्हाईत, पोरी. मागं ऱ्हानाऱ्याचा काढून जानाऱ्याजवळ द्यायचा."

आमच्या स्टुडिओची रीतच होती ती. ऊसतोडीला निघालेली माणसं म्हाताऱ्या आईबापाला खुर्चीत बसवायची, आबा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरून मान घालायचे, आणि तो फोटो कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत जायचा. "मग तुमचा द्या," म्हटलं. तर म्हणे, "माझा कोन काढनार?" कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपतच नसे. मी रिकाम्या हातानं जर्मनीला आले.

इथं शनिवारच्या जुन्या बाजारात तसलेच कॅमेरे मांडलेले दिसले आणि डोकंच फिरलं माझं. आता फ्लॅटमध्ये भांडी कमी, कॅमेरे जास्त. वरच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. मी इकडं सरकले की चित्र तिकडं पळतं. एक पुसते, दुसऱ्याचं शटर वाजवते, तिसरा शोधायला निघते. शेजारीण विचारते, एवढ्यांनी फोटो कुणाचे काढतेस? काय सांगू, कपाळ! ज्याचा काढायचाय तो माणूस सावेडीत भावाकडं बसून व्हिडिओ कॉलवर नुसतं टक्कल दाखवतो.

यंदा आबांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली, तशी रोल भरलेला कॅमेरा गळ्यात अडकवूनच सावेडीला गेले. बाल्कनीत खुर्ची मांडली. "बसा आबा, आज सुटका नाही."

"आन इकडं, फोकस बगतो." मान बरोबर खाली गेली. आणि खट्! माझाच फोटो काढला की!

"आबा! तुमचा काढायचा होता ना!" रागानं रडूच आलं मला.

"रीत इसरलीस व्हय? आता जानारा मी हाय."

मग मीही हट्टानं त्यांचा काढला. रोल इथं आणून धुतला. त्यांचा माझ्या टेबलावर आहे, माझा सावेडीला पाठवला. भाऊ सांगतो, आबा तो बंडीच्या खिशात घालूनच फिरतात, झोपताना उशाशी घेतात.

माझ्यासारखे घर सोडून गेलेले तुम्ही सगळे, तुम्हीही स्वतःला गेलेलेच समजता ना? मीही समजत होते. आबांच्या लेखी मात्र मी मागं राहणारी आहे. घर कुठं म्हणाल, तर त्या बंडीच्या खिशात.

तिकडचा फोन वाजला की धस्स होतं.