आपल्या घरच्या चार म्हशी

माझा धाकटा भाऊ कीर्तनकार आहे. साधासुधा नाही, फार मोठा. त्याची तारीख मिळायला गावं दोन-दोन वर्षं थांबतात, मोबाईलवर त्याला लाखो लोक ऐकतात आणि त्याचा विषय एकच, आईबापाची सेवा. "बापाचे पाय धुतल्याशिवाय मी सकाळच्या चहाला हात लावत नाही," हे त्याचं वाक्य लोकांनी गाड्यांच्या मागच्या काचेवर लिहून घेतलंय.

तो बाप सहा वर्षांपासून चिखलीला माझ्या घरी राहतो.

रोज सकाळी मी शाळेत शिकवायला जायच्या घाईत डबा भरत असते आणि बाबा खुर्चीत बसून मुलाचं कीर्तन लावतात. ते वाक्य आलं की स्वतःच्या पायांकडे बघतात. "धुतले काय?" मी विचारते. "हाव. वाळले बी," ते म्हणतात. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही. फार वर्षांपूर्वी आमच्या एका म्हशीनं त्यावर पाय दिला, ते पुन्हा आलंच नाही.

भांडणही म्हशींवरूनच झालं. उंद्रीजवळच्या एका गावात भावाचं कीर्तन होतं आणि बाबा कौतुकानं पहिल्या रांगेत बसले होते. भावानं आपलं गरीब बालपण सांगायला घेतलं. घरात दुधाचा थेंब नसायचा, दूध पांढरं असतं हे मला सातवीत कळलं, वगैरे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात बाबा ताडकन उभे राहिले.

"काऊन खोटं बोलून राह्यला बे? आपल्या घरी चार म्हशी होत्या!"

भाऊ हात जोडून गोड हसला आणि म्हणाला, "माउली, तुमच्या घरी असतील. आमच्या घरी नव्हत्या."

सगळा मंडप हसून लोळला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. त्यात बाबांची पाठ आणि टोपी एवढंच दिसतं, पण आवाज खणखणीत आलाय. 'म्हशीवाला म्हातारा' म्हणून तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. हा म्हातारा महाराजांचा बाप आहे हे मात्र कुणाला कळलं नाही आणि भावानंही कळू दिलं नाही. त्या दिवसापासून त्यानं बाबांना हाक मारलेली नाही. बाबा पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दिवसातून शंभरदा बाबा बाबा करते तो, साऱ्या दुनियेसमोर. मले एकदा बाबा म्हणाव त्यानं. बाकी काई नाही पायजे मले."

आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. बाप लेकीकडे राहतो हे चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून शेजारपाजारी मी सांगून टाकलं की त्यांच्या दातांचा इलाज चाललाय. सहा वर्षं तेच सांगत आले. बाबांना दात आहेत तीन. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, "एकेका दाताले दोन-दोन वर्षं लागतात काय हो?"

गेल्या हिवाळ्यात भावाच्या मॅनेजरचा फोन आला. कीर्तनकाराला मॅनेजर असतो हे मला तेव्हा कळलं. लोणारकडच्या एका गावात सप्ताह होता, शेवटच्या दिवशी सकाळी भावाचं काल्याचं कीर्तन, आणि गावकऱ्यांनी उत्साहाच्या भरात पत्रिकेवर छापून टाकलं होतं की महाराज स्वहस्ते आपल्या वडिलांचे पाय धुऊन पूजा करतील.

"ताई, बाबांना पाठवा. नवं धोतर आम्ही देऊ. फक्त बाबांनी एक शब्दही बोलायचा नाही. आवाज लोकांना पाठ आहे."

बाबा म्हणाले, "त्याले सांग, सोता फोन कर आन् 'बाबा, या' म्हण. मी मुक्यानं येतो." मी निरोप दिला. दोन दिवसांनी मॅनेजरच बोलला, "महाराजांना वेळ नाही हो ताई. राहू द्या, दुसरी व्यवस्था झाली."

"दुसरी व्यवस्था म्हणजे?"

"दुसरे बाबा."

माझं डोकंच सणकलं. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले आणि फोन आपटला. बाबांनी मात्र शांतपणे टोपी झटकली. "चाल वं," म्हणाले, "मी कसा दिसतो ते पाहून तं येऊ."

आम्ही दोन एसट्या बदलून गेलो. मंडपात बायका आणि पुरुषांच्या मध्ये दोरी बांधलेली होती. दोरीच्या अलीकडे मी बसले, पलीकडे बाबा. स्टेजवर मोठ्या खुर्चीत दुसरे बाबा ताठ बसले होते. झुपकेदार पांढऱ्या मिशा, गुलाबी फेटा. "बाप चांगला निवडला," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. भावानं परातीत त्या माणसाचे पाय घेतले, चोळून चोळून धुतले, पुसले, त्यावर कपाळ टेकवलं आणि रडला. मंडप रडला. मी दातओठ खात बसले होते. बाजूला पाहिलं तर बाबांच्या डोळ्यांतही पाणी.

"बाबा, तुम्ही काऊन रडून राह्यले?"

"लय मन लावून धुते वं पोरगं."

कीर्तन संपल्यावर दर्शनाची रांग लागली आणि बाबा तिच्यात जाऊन उभे राहिले. मी धावत त्यांच्या मागे शिरले. काही बोलू नका, म्हणून मागून धोतर ओढत होते. आधी दुसऱ्या बाबांचे पाय धरायचे होते. बाबांनी ते धरले आणि हळूच विचारलं, "कोन्त्या गावचे?"

"खामगावकडचा. कापसाच्या जिनिंगात चौकीदार होतो." त्या माणसानं आवाज आणखी खाली आणला. "पाणी लय थंडं होतं हो."

पुढे भाऊ. आमच्या वारकऱ्यांत कुणी पाया पडलं की आपणही त्याच्या पाया पडायचं असतं, आणि भाऊ ते कधी चुकवत नाही, त्यासाठीही त्याचं नाव आहे. समोर माणसं हजारो, म्हणून चेहरे तो बघतच नाही. वाकतो, उठतो, वाकतो, उठतो. बाबा वाकले. बाबा उठल्यावर तो वाकला.

आणि उठलाच नाही.

त्याचा हात बाबांच्या उजव्या अंगठ्यावर होता, नख नसलेल्या. रांग तुंबली. मॅनेजर "महाराज, महाराज" करत पुढे आला. भावाच्या गळ्यातला माइक चालूच होता, त्यामुळे जे झालं ते मंडपाच्या सगळ्या भोंग्यांतून झालं.

"बाबा, आपल्या घरी चार म्हशी होत्या."

मग पुढच्या एका आजोबांना वाटलं, हे कीर्तनातलंच काहीतरी गूढ बोलणं असणार. त्यांनी दोन्ही हात वर करून "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं आणि सगळे उठून नाचायला लागले. त्या गर्दीत मॅनेजरनं भावाला उठवून गाडीकडे नेलं. बाबा जागचे हलले नाहीत, बोललेही नाहीत.

एसटीत मी फार चिडले. "एक शब्द तरी बोलायचा होता!"

"बोलाचं नाही असं ठरलं होतं ना," बाबा म्हणाले.

भाऊ अजून घरी आलेला नाही. मी मात्र समोरच्या काकूंना सांगून टाकलं की दात वगैरे काही नाही, बाबा इथंच राहतात. त्यांना ते आधीच माहीत होतं.

त्या पूजेचा व्हिडिओ भावाच्या चॅनेलवर आहे. शेवटी दर्शनाच्या रांगेत तो आमच्या बाबांच्या पायांशी वाकलेला दिसतो, पण तिथला आवाज काढून टाळ-मृदंग घातलाय. बाबा रोज सकाळी तेवढंच लावतात. नुसती वाकलेली पाठ आणि टाळांचा गोंगाट. बाबा बोट वर करतात.

"आता म्हणून राह्यला. आयक."

मीही डबा ठेवून ऐकते. तेवढं झाल्याशिवाय ते सकाळच्या चहाला हात लावत नाहीत.