सासूबाईंच्या उशाशी गॅस

एसीच्या कारखान्यात तिला सगळे गारवाबाई म्हणत. नवे एसी आखायचं काम तिच्याकडे होतं. नेहमीच्या एसीतला वायू गळला की तो हवेत जाऊन जग तापवतो आणि आपण घर थंड केल्याचा पगार घेतो, हे तिला पटत नव्हतं. म्हणून तिने प्रोपेनवर चालणारा, कमी वीज खाणारा एसी करायला घेतला. प्रोपेन जग फारसं तापवत नाही. पेटतो मात्र चांगला.

साहेब म्हणाले, "आतला गॅस कमी करा, मग बघू."

ती दोन वर्षं नळ्या बारीक करत राहिली. पहिला नमुना खडखडला, दुसऱ्यावर बर्फ साचला, तिसरा मुकाट चालला. आता तो एखाद्या राहत्या घरात उन्हाळाभर चालवून बघायचा होता. विभागातल्या सगळ्यांनी नमुन्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि आपापल्या घरी रंगकाम काढलं.

शेवटी तिने तो स्वतःच्याच घरी, सासूबाईंच्या खोलीत बसवला. पश्चिमेची ती खोली भट्टीसारखी तापायची.

"हा गॅस स्वयंपाकाचाच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्याच भावकीतला. पण अगदी थोडा, आई. आणि गळलाच तर मशीन आपोआप बंद पडतं."

"सिलिंडर आपण स्वयंपाकघरात ठेवतो. माझ्या उशाशी नाही."

सासूबाई उशी उचलून मुलगा-सुनेच्या खोलीत गेल्या, मुलगा सोफ्यावर गेला आणि गारवाबाई स्वतः नमुन्याखाली झोपू लागली. सुरुवातीला तिचा डोळा लागेना. आपलं गणित बरोबर आहे असं म्हणणं वेगळं आणि त्याच्याखाली पाय पसरणं वेगळं, हे तिला तेव्हा कळलं.

ऊन चढलं तशा सासूबाई सुट्टीच्या दुपारी त्या खोलीच्या दारात उभ्या राहू लागल्या. मग खुर्ची आली. मग उशीही आली.

"तुला काही झालं तर लोक मलाच बोलतील," असं म्हणून त्या आडव्या झाल्या.

उन्हाळा सरला. नेहमीच्या एसीच्या निम्मीच वीज लागली होती. आता साहेबांना नमुना कापून आतून तपासायचा होता. तो न्यायला ते स्वतः माणसं घेऊन आले. सासूबाईंनी त्यांना खोलीत बसवून चहा दिला.

"कापायचा असेल तर दुसरा करा," त्या म्हणाल्या. "हा चालतोय."

साहेब बराच वेळ गारव्यात बसून विचार करत राहिले आणि रिकाम्या हाताने परत गेले.

गारवाबाईने दुसरा केला. तो कापला, तपासला, पास झाला. पुढच्या वर्षी तो एसी बाजारात आला, तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या तिचे डोळे भरून आले. साहेबांनी पाणी आणून दिलं.

"वीज अजून कमी करता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल," ती म्हणाली. "पण आधी रजा हवी."