हिरवीचं डावं चाक

दोन्ही गाड्या विलायती, दोन्ही जुन्या, दोन्ही दोनच आसनांच्या, आणि दोन्ही मिस्त्रींना लेकीसारख्या. एक हिरवी एमजी, दुसरी लाल ट्रायम्फ. म्हाताऱ्या गाड्यांत प्राण फुंकणे, हेच मिस्त्रींचे आयुष्य, हीच त्यांची उपासना. दातांच्या डॉक्टरीणबाईंना दोघींतली एक विकत घ्यायची होती, म्हणून सारे घाट चढत होते. पुढे हिरवीत मिस्त्रींची मुलगी. मागे लालीत बाई, शेजारी मिस्त्री.

“दोघींत फरक काय, मिस्त्री? माल खपवू नका, खरं सांगा.”

“हिरवीचं अंग हाच तिचा सांगाडा, म्हणून वळणावर हलकी. लालीचा सांगाडा वेगळा, अंग वर बसवलेलं. सहा सिलिंडर, चढाला दमत नाही, पण खड्ड्यात आपली हाडं मोजून घेते.”

“म्हणजे माझी नणंदच. आणि चाकं?”

“लालीला चार-चार नट. हिरवीच्या तारांच्या चाकाला मधोमध एकच, हातोडीनं ठोकायचा. डावीकडचे आटे एका दिशेचे, उजवीकडचे उलटे. म्हणजे चाक पळेल तसा नट आणखी…”

मिस्त्रींची नजर पुढच्या हिरवीच्या डाव्या चाकावर गेली. कालच त्यांनी हिरवीचे मागचे दोन्ही हब, म्हणजे ज्यांच्या आट्यांवर नट बसतो ते तुंबे, उतरवून पुन्हा बसवले होते. डावा नट ठोकताना हातोडी सवयीच्या उलट पडत होती; मनगट कुरकुरले होते, मिस्त्रींनी ऐकले नव्हते. डावा हब उजवीकडे गेला होता, उजवा डावीकडे. आता चाक पळेल तसा नट सुटणार होता. पुढे वळण, वळणाला दरी, आणि गाडीत पोटची पोर.

“हॉर्न द्या, बाई. तिला थांबवायचंय.”

बाईंनी दोनदा दिला. हिरवी उसळून पुढे गेली. मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या गॅरेजात दोन हॉर्न म्हणजे ‘मोकळी सोड, पळव’.

“थांबा, गाठते तिला.”

“नको, तिला चेव येईल. गाडी थांबवा.”

“अहो, डोळ्यांआड होईल ती.”

“म्हणूनच. मागची आरशातून दिसेनाशी झाली की पुढचीनं थांबायचं, असं मीच शिकवलंय तिला.”

लाली थांबली. हिरवी वळणाआड गेली, आणि बापाच्या छातीतला श्वास तिच्यामागून गेला. देवा, चाके फिरवणारा तू, थांबवणाराही तूच; माझ्या हाताची चूक तिच्या पदरी घालू नकोस. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. थांबली की कोसळली? मिस्त्री दार उघडून धावले.

वळणापलीकडे हिरवी कडेला उभी होती. मुलगी बाहेर येऊन घाम पुसत होती.

“बंद पडली ना तुमची? धापा कसल्या टाकताय, बाबा?”

मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून मिस्त्रींनी नटाला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला. मुलीने ते पाहिले आणि ती त्यांच्याशेजारी चाकाशी बसली.

मागून बाई आल्या. “मग मिस्त्री, कोणती घेऊ?”

“लाल घ्या,” हात मुलीच्या डोक्यावर ठेवत ते म्हणाले, “तिची चाकं हिनं लावलीत.”