कुसळीचा धुरा

साखऱ्याला आमचं शेत आणि शेजारच्या चाचांचं शेत यांच्या मधे एक धुरा आहे, म्हणजे सामाईक बांध. त्यावर कुसळी नावाचं गवत माजतं. त्यातून एकदा चालून गेलं की साडीचा काठ आठवडाभर टोचत राहतो. माझे सासरे दर चैत्रात हा धुरा पेटवून द्यायचे, आणि दर पावसाळ्यात गवत आधीपेक्षा दाट यायचं. पुढच्या चैत्रात सासरे पुन्हा काडेपेटी घेऊन हजर. चिकाटी दोन्ही बाजूंनी सारखीच होती.

चाचांना हे जाळणं बिलकुल पसंत नव्हतं, कारण त्यांची कडब्याची गंजी धुऱ्याजवळच असायची. ती थोडी पलीकडे रचावी असं सासरे म्हणायचे. बाप इथेच रचायचा, आपणही इथेच रचणार, असं चाचांचं म्हणणं. तरी दोघं बालपणापासूनचे दोस्त. दुपारची भाकर धुऱ्यावरच्या बोरीखाली एकत्रच व्हायची आणि चाचांच्या डब्यातलं कालवण निम्मं सासऱ्यांच्या पोटात जायचं.

मग एका चैत्रात ठिणगी उडाली आणि गंजीच्या चार-दोन पेंढ्या जळाल्या. बोलणं बंद. बोर मात्र कुणीच सोडेना. एकाच झाडाला दोघं पाठ टेकून बसायचे, एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि आपापल्या डब्यातलं आपापलं जेवायचे. सासरे त्या दिवसांत अर्धी भाकर परत आणत. मला ते बघवत नसे.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुटीला शेतात गेले की माझा टेलिफोन व्हायचा. "त्याला सांग" म्हणून इकडून निरोप, "त्याला म्हणा" म्हणून तिकडून, आणि मधलं अंतर एका बोरीच्या खोडाएवढं. शेवटी दोघांनी ठरवलं की निवाडा मीच करावा. जाळणं बराबर की नाही, पुस्तकात जे असेल ते मान्य.

अशी संधी मला वर्गातही मिळत नाही. मी बोरीजवळ उभी राहिले आणि दोन पाठमोऱ्या माणसांना शिकवायला लागले. कुसळीचे कोंब जमिनीलगत, बुडाशी दडलेले असतात. आग वरचं वाळलेलं खाऊन सरसर पुढे जाते, खाली फारशी झळ पोचत नाही. बीला लांब शेपटी असते. ती ओल मिळाली की उलगडते, वाळली की पिळते आणि बीला मातीत घुसवते, म्हणून बीही वाचतं. मरतात ती बाभळीची कोवळी रोपं, जी वाढली असती तर गवतावर सावली धरली असती. पिढ्यान्‌पिढ्या आगीतून तगत आलेलं गवत आहे हे. वाळलं तरी उभं राहतं, मधून वारा खेळतो, झटकन पेटतं, आणि पेटणं त्याच्या पथ्यावरच पडतं.

सासऱ्यांची पाठ ताठ झाली. "म्हंजे इतके वर्सं मी ह्या गवताची चाकरी करून राहिलो?"

वनस्पतींना हेतू नसतो, हे मी लगेच स्पष्ट केलं. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. एका गवताने आपल्याला गडी म्हणून राबवलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. यापुढे ह्या धुऱ्याला काडी लावणार नाही, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

भांडण मिटलं म्हणून मी खूश झाले आणि उत्साहाच्या भरात पुढचा धडाही घेतला: वर्षानुवर्षं जाळलं नाही तर वाळल्याचा थर साचतो, आणि मग एका ठिणगीने मोठा भडका होतो. हे ऐकून पलीकडची पाठ ताठ झाली. चाचांनी निरोप दिला की मग तर दरसाल जाळलंच पाहिजे, गंजीचा सवाल आहे. सासऱ्यांनी उलट निरोप दिला की हात लावून दाखव म्हणावं.

कापून काढा, असंही मी सांगितलं होतं. ते दोघांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही. मी जे शिकवलं त्यातला शब्दही चुकीचा नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे.

धुरा तसाच वाढला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही शेतात असताना रस्त्याकडून धूर दिसला. आग कुणी लावली, कशी लागली, देव जाणे. वारा आमच्याच दिशेने होता. कुसळी तडतडत पेटत आली. मी लिंबाचा हिरवा डहाळा घेऊन झोडपत सुटले, चाचा ओलं पोतं आपटत होते, आणि तोवर गंजीने एका अंगाने पेट घेतला.

सासरे कुठे गेले म्हणून बघते तर गंजीवर. सत्तरी ओलांडलेला माणूस दुसऱ्याच्या कडब्यावर चढून पेंढ्या खाली फेकत होता. बाजूने ज्वाळा वर येत होत्या. चाचांनी पोतं टाकून दिलं. इतक्या दिवसांत प्रथमच ते माझ्यामार्फत न बोलता थेट बोलले.

"उतर खाली. कडबा जळू दे. तुला काही झालं तर मी भांडू कोनासंगं?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आणखी एक पेंढी नेमकी चाचांच्या अंगावर फेकली. मग उतरायला म्हणून हात पुढे केला, आणि चाचांनी तो धरला.